दाराची मूठ कुणी फिरवली?

मुलामुलींनो, ‘झोंबी’ म्हटलं की तुमच्या आजोबांना काय आठवेल, सांगा पाहू? तांबड्या मातीच्या आखाड्यात एकमेकांना भिडलेले दोन मल्ल! आजींना वाचनाची आवड असेल, तर त्यांना आनंद यादवांचं ‘झोंबी’ हे पुस्तक आठवेल. शिकायला मिळावं म्हणून परिस्थितीशी झोंबी घेणाऱ्या मुलाची ती गोष्ट. आणि तुम्हाला? तुम्हाला आठवेल तो ‘झॉम्बी’. अंगावरचे कपडे फाटलेले, चाल लटपटती, डोळे पांढरे. मेलेला, तरी चालणारा. हैती नावाच्या देशातल्या लोककथांतून हा शब्द इंग्रजीत गेला आणि सिनेमातून जगभर फिरला.

घाबरू नका, मी भुताची गोष्ट सांगायला बसलेली नाही. गोष्ट आहे ती ही भुताटकी डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या, तिच्यातल्या चुका शोधणाऱ्या आणि ‘पुढं काय होणार’ यावर तावातावानं भांडणाऱ्या माणसांची. मी चौथीच्या वर्गाला शिकवते. अशी भांडणं मला फार आवडतात. का, ते पुढं सांगतेच.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत तो दोन मित्रांना घेऊन माझ्याकडे राहायला आला. माजघरात तिघांची बैठक बसलेली, समोर लॅपटॉप, मांडीवर वही. वहीत तारखा, बाण, प्रश्नचिन्हं. मला वाटलं, पोरं अगदी अभ्यासाला लागली! म्हणून चहा घेऊन गेले, तर अभ्यास चालला होता ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन मालिकेचा.

ही मालिका ३१ ऑक्टोबर २०१० रोजी सुरू झाली आणि २० नोव्हेंबर २०२२ रोजी संपली. अकरा पर्वं, १७७ भाग. रॉबर्ट कर्कमन या लेखकाच्या २००३ साली सुरू झालेल्या चित्रकथेवर ती बेतलेली. जॉर्जिया राज्यातला रिक ग्राइम्स नावाचा पोलीस गोळी लागून बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तर रुग्णालय ओस, भिंतीवरचं घड्याळ बंद, उशाशी मित्रानं आणलेली फुलं हात लावताच चुरा होतात. तो बेशुद्ध असताना जग बदललेलं असतं. मेलेली माणसं उठून चालू लागलेली असतात आणि उरलेली माणसं जीव मुठीत धरून पळत असतात.

पालकहो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ही मालिका मोठ्यांसाठीच आहे. तिच्यात रक्तपात फार. मलाही सगळी पाहवली नाही; पोरांनी निवडून दाखवलेले प्रसंग तेवढे पाहिले. तेव्हा मुलांनो, हा लेख वाचून मालिका बघायचा हट्ट धरू नका. आपल्याला मालिका नको, ती पाहणाऱ्यांची नजर हवी आहे.

तर त्या तिघांच्या वहीत तीन रकाने होते.

पहिला रकाना ‘चूक’. म्हणजे मालिका बनवणाऱ्यांच्या हातून सुटलेली गोष्ट. जग बुडून महिने उलटले, माणसांना खायला अन्न नाही, मग घरांपुढचं गवत इतकं नीटनेटकं कापलेलं कसं? हा प्रश्न प्रेक्षकांनी इतक्यांदा विचारला, की त्याची चेष्टाच होऊन बसली. खरं कारण सोपं आहे. चित्रीकरण जॉर्जियातल्या सेनॉयासारख्या नांदत्या गावांत व्हायचं. तिथं माणसं राहतात आणि आपापलं गवत कापतात! तसंच एक हरीण. मार्च २०१७ मध्ये दाखवलेल्या एका भागात रिकला जत्रेच्या पडक्या मैदानात हरीण दिसतं. ते संगणकावर केलेलं होतं आणि इतकं खोटं दिसत होतं, की झॉम्बींना भिणारे प्रेक्षक हरणाला हसत सुटले.

पेट्रोलचा प्रश्न मात्र अभ्यासाचा. मित्रांपैकी एकजण म्हणाला, “इतकी वर्षं यांच्या गाड्या चालतातच कशा? पेट्रोल काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?” मुद्दा बरोबर होता. साठवून ठेवलेलं पेट्रोल काही महिन्यांनी बिघडू लागतं. त्यातले हलके घटक उडून जातात, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट गाळ धरतो आणि इंजिन रुसतं. बरीच पर्वं मालिकेतल्या गाड्या बिनदिक्कत धावत राहिल्या. पुढं २०१८ साली सुरू झालेल्या नवव्या पर्वात मात्र माणसं घोड्यांवर आणि घोडे जुंपलेल्या गाड्यांतून फिरताना दिसू लागली. बघा, ‘मोटार का चालते’ हा प्रश्न विचारता विचारता पोरं रसायनशास्त्रात जाऊन पोचली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता.

दुसरा रकाना ‘अंदाज’. पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग ५ डिसेंबर २०१० चा. त्यात अटलांटा शहरातल्या रोगनियंत्रण केंद्रातले डॉक्टर जेनर निरोपाच्या क्षणी रिकच्या कानात काहीतरी कुजबुजतात. काय, ते प्रेक्षकांना ऐकूच येत नाही! झालं, तर्कांना ऊत आला. त्याचं उत्तर मालिकेनं दिलं १८ मार्च २०१२ रोजी, म्हणजे सव्वा वर्षानंतर. रोग सगळ्यांच्याच अंगात आहे. चावा बसो न बसो, जो मरेल तो उठेल.

पण मला कौतुक वाटलं ते पुढचंच. ज्यांनी मन लावून पाहिलं होतं, त्यांना उत्तर आधीच हाताशी लागलं होतं. आदल्याच आठवड्यात रँडल नावाचा एक मुलगा मरून उठला होता आणि त्याच्या अंगावर चाव्याची एकही खूण नव्हती. आता तुम्हीच सांगा, चावा नाही, तरी उठला. मग चाव्यानंच रोग होतो असं कसं म्हणायचं? विज्ञानाच्या तासाला आपण हेच करतो, नाही का? पुरावा आणि नियम जुळले नाहीत, तर पुराव्याला रागवायचं नाही, नियम तपासायचा.

आणखी एक प्रसंग भाच्यानं मला मुद्दाम दाखवला. ग्लेन हा सगळ्यांचा लाडका गडी. तो आणि त्याचा एक साथीदार कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीवर चढून उभे. खाली झॉम्बींचा समुद्र. दोघं खाली कोसळतात, साथीदार ग्लेनच्या अंगावर पडतो, झुंड तुटून पडते आणि ग्लेनचा किंचाळणारा चेहरा दिसतो. भाच्यानं चित्र तिथंच थांबवलं.

“सांग मावशी, मेला की वाचला?”

मी म्हटलं, “झुंड नेमकी कुणाला ओरबाडतेय ते दिसत नाही. वरचा माणूस दुसरा आहे. त्या पेटीखाली शिरायला जागा आहे का रे?”

तिघंही ओरडले, “मावशी, तू आमच्यातली!”

हा भाग २५ ऑक्टोबर २०१५ चा. पुढचे चार आठवडे जगभरचे प्रेक्षक एकेक चित्र थांबवून बघत होते. ‘वाचला’ म्हणणारे पेटीखालच्या जागेकडे बोट दाखवत. ‘मेला’ म्हणणाऱ्यांकडेही भक्कम पुरावा होता. पुढच्या भागांच्या सुरुवातीच्या नामावलीतून ग्लेनचं काम करणाऱ्या स्टीव्हन यूनचं नावच काढून टाकलं होतं! २२ नोव्हेंबरला उलगडा झाला. ग्लेन पेटीखाली सरपटला होता. नाव वगळलं होतं ते प्रेक्षकांना चकवायला. म्हणजे पुरावा मिळाला एवढ्यानं भागत नाही. तो कुणी आणि कशासाठी समोर ठेवला, हेही विचारावं लागतं. मोठेपणी वर्तमानपत्र वाचताना, फोनवर आलेला निरोप पुढं पाठवताना हे तुमच्या फार उपयोगी पडेल, बरं का!

तिसरा रकाना मला सगळ्यांत आवडला. त्याचं नाव ‘नियम मोडला’. पहिल्याच भागात रिक एका घरात आसऱ्याला असतो. रात्री त्याला आसरा देणाऱ्या माणसाची मेलेली बायको पायऱ्या चढून दारापाशी येते आणि दाराची मूठ फिरवते. रिक आतून बघतो, तर मूठ हळूहळू हलतेय! दुसऱ्या भागात एक झॉम्बी दगड उचलून दुकानाची काच फोडायला बघतो. आणि पुढं? पुढं कित्येक वर्षं या झॉम्बींना साधी कडी उघडता येईना. नुसती धडक मारायची आणि गुरगुरायचं. प्रेक्षक विचारत राहिले, “आधी मूठ फिरवता येत होती, मग आता का नाही?” ही गवत किंवा हरणासारखी साधी चूक नव्हती. गोष्टीनं स्वतःच घातलेला नियम गोष्टीनंच मोडला होता.

आता गंमत ऐका. ऑक्टोबर २०२२ मध्ये, मालिका संपायला जेमतेम महिना उरला असताना, एक झॉम्बी भिंत चढून येतो. मालिकेतलाच एकजण म्हणतो, की भिंत चढणारे, दार उघडणारे काही असतात असं आपण ऐकलं होतं, पण त्या कहाण्याच वाटल्या होत्या. म्हणजे सगळे झॉम्बी सारखे नव्हतेच. काहींचा प्रकार निराळा होता! ज्याला सगळे चूक म्हणत होते, त्या दाराच्या मुठीला बारा वर्षांनी गोष्टीत जागा मिळाली. प्रेक्षक विसरले असते, तर लेखकालाही विसरून चाललं असतं.

या प्रेक्षकांची ताकद वाहिनीनंही ओळखली होती. ऑक्टोबर २०११ पासून ‘टॉकिंग डेड’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. भाग संपला की त्यावर नुसती चर्चा, प्रेक्षकांच्या प्रश्नांसकट. आणि अटलांटातल्या खऱ्याखुऱ्या रोगनियंत्रण केंद्रानं काय केलं, माहीत आहे? मे २०११ मध्ये त्यांनी ‘झॉम्बी आले तर काय तयारी कराल’ असा लेख काढला. पाणी किती साठवायचं, औषधं कुठं ठेवायची, घरातल्यांनी चुकामूक झाल्यास कुठं भेटायचं, अशी सगळी माहिती त्यात होती. झॉम्बी नुसता निमित्ताला. खरी तयारी वादळाची आणि भूकंपाची.

सुट्टी संपली, पोरं गेली, शाळा सुरू झाली. ते तीन रकाने मी वर्गातल्या फळ्यावर आखले. झॉम्बीचं नावही काढलं नाही. गोष्ट घेतली ती तुम्हा सगळ्यांच्या माहितीची, लेकीकडून भोपळ्यात बसून परत येणाऱ्या म्हातारीची. म्हटलं, “शोधा पाहू यात काय खटकतं ते!”

आधी सगळे गप्प. गोष्टीत चूक काढायची? आणि तीही बाईंसमोर? मग एकानं हळूच हात वर केला. “बाई, भोपळा उतारावर गडगडंल. चढावर कसा जाईल?” झालं, बांध फुटला! एकजण म्हणाला, “म्हातारीचं घर खाली गावात असंल आणि लेकीचं वर डोंगरावर. येताना सगळा उतारच.” लगेच दुसऱ्यानं पुस्ती जोडली, “म्हणून तर वाटेत वाघ भेटला, डोंगरात रान असतंय ना!” बघा, कसा पुरावा जोडला! एवढ्यात मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उठली. “पण बाई, म्हातारी तर लेकीकडं खाऊन-पिऊन जाड होणार होती. मग जाड म्हातारी भोपळ्यात मावली कशी?” क्षणभर मलाही उत्तर सुचेना. वर्गानंच ते काढलं. भोपळा लेकीनं निवडला. आईचं माप लेकीला ठाऊक नसेल तर कुणाला?

त्या दिवसापासून ती मुलगी बोलू लागली. पण खरी गोष्ट पुढं आहे.

आमच्या भागात कांद्याचं पीक मोठं. तिची आई कांदा काढणीला रोजानं जाते. एका शनिवारी मुकादमानं हिशेब केला आणि दिवस भरले बारा. आई म्हणत होती तेरा. आईला लिहिता-वाचता येत नाही. तिनं घरच्या कॅलेंडरवर तारखांना रेघा मारल्या होत्या, पण “त्या रेघा काय, मागाहूनही मारता येतात,” असं म्हणून मुकादमानं विषय मिटवला. आई गप्प बसली. लेक सोबत होती. तिनं विचारलं, “काका, वही बघू?” आणि वहीतल्या पानांवरून बोट फिरवत फिरवत ती थांबली. गुरुवारी आईपुढं खाडा होता. आणि मागच्या पानावर, त्याच गुरुवारी, आईच्या नावावर दोनशे रुपये उचल होती.

ती म्हणाली, “काका, आई गुरुवारी कामावर आलीच नव्हती, तर तुम्ही तिला शेतावर उचल कुणाच्या हातात दिली?”

मुकादमानं वही उलटसुलट करून पाहिली. गुरुवार बाजाराचा, त्या दिवशी माणसं पैसे मागून घेतात, हे त्यालाही आठवलं. “घाईत राहिलं असंल,” म्हणत त्यानं एका दिवसाची मजुरी मोजून दिली. तो लबाड होता की विसरभोळा, ते मी ठरवत नाही. पोरीनंही ठरवलं नाही. तिनं माणसाला खोटं म्हटलं नाही. फक्त वहीची दोन पानं एकमेकांसमोर धरली. हे मला तिच्या आईनं सोमवारी शाळेच्या फाटकाशी उभं राहून सांगितलं. सांगताना तिचा आवाज कापत होता. “बाई, पोरगी भांडली नाही ओ. नुसतं इचारलं.”

पालकहो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. मूल गोष्टीत, सिनेमात, मालिकेत खुसपट काढू लागलं, की आपल्या तोंडून पटकन निघतं, “जास्त शहाणपणा करू नकोस, गप बघ!” असं म्हणू नका. जे आवडत नाही, त्यातल्या चुका शोधायला कुणी बारा वर्षं बसत नाही. ज्या पोराला म्हातारी भोपळ्यात कशी मावली याची काळजी वाटते, ते पोर त्या गोष्टीत आपल्यापेक्षा खोल शिरलेलं असतं. आणि गोष्टीची वही तपासायला शिकलेलं मूल उद्या हिशेबाची वहीही तपासेल. घरात उत्तर माहीत नसेल, तर “चल, दोघं मिळून शोधू” एवढं म्हणा. त्यानं आपला मान कमी होत नाही.

आणि मुलांनो, तुम्हालाही चार नियम. त्या तिघांच्या भांडणांतूनच मी ते उचलले आहेत. पहिला, चूक दाखवायची तर पुरावा दाखवा. ‘मला वाटतं’ एवढ्यानं भागणार नाही. दुसरा, अंदाज बांधलात, तर तो कशानं खोटा ठरेल हे आधीच सांगून ठेवा. जो अंदाज कशानंच खोटा ठरत नाही, तो अंदाज नव्हे, हट्ट. तिसरा, मुद्द्याला धरा, माणसाला नको. आपला तर्क खरा निघाला म्हणून समोरच्याला वेडावून दाखवू नका. पुढचा तर्क त्याचाही खरा निघू शकतो. आणि चौथा नियम जगभरचे प्रेक्षक पाळतात. ज्यानं अजून पाहिलं किंवा वाचलं नाही, त्याला शेवट सांगायचा नाही! त्याच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं होतं ते.

आता तुमच्यासाठी एक काम. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा: चूक, अंदाज, नियम मोडला. मग तुमच्या आवडीची एखादी गोष्ट घ्या. मी एक सुचवते, चिऊ-काऊची. चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, हे तुम्हाला पाळण्यापासून माहीत आहे. पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं, हेही माहीत आहे. पण पावसाळ्याआधी उन्हाळा असतो ना? मग वैशाखातल्या उन्हात चिऊचं मेणाचं घर वितळलं कसं नाही?

लिहा तुमचा अंदाज. आणि तो कशानं खोटा ठरेल, तेही लिहायला विसरू नका.